समासातले ठिपके

१७ नोव्हेंबर १९९६, रविवार. पनवेल

आजपासून मी रीतसर घरजावई. सामान एक ट्रंक, एक गादी, पुस्तकांचे दोन खोके आणि ही लाल पुठ्ठ्याची वही. टेम्पोवाल्याने ट्रंक उतरवता उतरवता विचारलं, पाव्हणे किती दिवस? मी म्हटलं, जन्मभर. तो हसला नाही. ट्रंक त्याच्या पायावर आली होती.

घर खाडीकडच्या आळीत, एसटी स्टँडपासून चालत पंधरा मिनिटं. पुढे ओटी, मागे विहीर आणि वर आमच्यासाठी बांधलेली नवी खोली. रंगाचा वास अजून गेलेला नाही. सासूबाई चंद्रावतीबाई, त्यांना मी आई म्हणायचं ठरवलंय. त्यांनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. सासरे चांगोबाबा माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि मुलीला म्हणाले, बारीक हाय, पण चालंल.

त्यांची मुलगी सुनिता, माझी बायको, इथल्या बालवाडीत ताई आहे. पुण्याला तिचं प्रशिक्षण चालू असताना आमची ओळख झाली, मे महिन्यात नोंदणी पद्धतीने लग्न केलं. आमच्या सांगोल्याच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. तिथे मासे खाणारी सून येणार म्हटल्यावर वडिलांनी मला घराबाहेर काढलं, माझ्या पत्रांना उत्तर देणंही बंद केलं. या घरात मात्र मला कोणी काहीही विचारलं नाही, नुसतं आत घेतलं. न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात कारकुनी मिळाली आहे, उद्या हजर व्हायचं. मी सुखी आहे, हे शाईने लिहून ठेवतो.

२० नोव्हेंबर, बुधवार

काल शौर्य गाजवलं. सगळ्यांच्या ताटात कोलंबी होती, माझ्या ताटात बटाट्याची भाजी. मला कोणी आग्रह केला नव्हता. मीच हात लांब करून सुनिताच्या ताटातल्या दोन कोलंब्या उचलल्या आणि खाल्ल्या. चांगोबाबा खूश झाले.

दहा मिनिटांत तळहात खाजायला लागले. मग कान, मग पाठ. ओठ सुजले, आणि उठून उभा राहिलो तर भिंती फिरायला लागल्या. आई म्हणाल्या, पित्त उठलंय. त्यांनी आमसुलं भिजत घातली, घोंगडी काढली. सुनिता आमसुलाचं पाणी पाठीला चोळत राहिली. खाज निवली, पण श्वासात शिट्टी वाजायला लागली, तेव्हा रिक्षा करून दवाखान्यात नेलं. दोन इंजेक्शनं टोचली.

डॉक्टर म्हणाले की हे पित्त नव्हे, ॲलर्जी आहे. कोलंबी, करंदी, जवळा, त्या जातीचं काही नको, ते उकळलेलं पाणीसुद्धा नको. पुढच्या खेपेला याहून वाईट होईल, घसा बंद होऊ शकतो. घरी काय करायचं तेही सांगितलं. चक्कर आली की उभं राहायचं नाही, आडवं पडून पाय उशीवर घ्यायचे. पिवळी गोळी घ्यायची. श्वास जड वाटला तर मात्र गोळीच्या भरवशावर बसायचं नाही, तडक निघायचं. शिवाय रोज लिहून ठेवायचं की काय खाल्लं, किती वाजता, पुढे काय झालं. कारकुनाला असली औषधं आवडतातच. गोळ्यांच्या पुड्या बांधणारा कंपाउंडर कमलाकर सुनिताच्या भावकीतलाच निघाला.

घरी आल्यावर आईंनी माझी भांडी वेगळी काढली, तवासुद्धा. चांगोबाबा मात्र ओटीवर जाऊन बसले. ते का, हे सुनिताने सांगितलं. एकोणीस जानेवारीला त्यांच्या भावकीचं जेवण असतं. वर्षभरात लग्न होऊन कोणी नवं माणूस आलं असेल तर त्याने घरातल्या वडीलधाऱ्याच्या ताटातला जवळ्याचा पहिला घास खायचा. मग ते माणूस भावकीचं झालं. सुनिताने परजातीत लग्न केलं तेव्हा बरंच तोंडसुख घेतलं गेलं होतं, आणि चांगोबाबांनी चारचौघांत शब्द दिला होता की माझा जावई घास खाईल. मी विचारलं, आता गं? ती म्हणाली, बघू, दोन महिने आहेत.

२५ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी पोहे, चहा. दुपारी डब्यात भाकरी, वांगं. संध्याकाळी भात, आमटी. त्रास काही नाही. बरं आहे.

सुनिता रोज संध्याकाळी ही वही वाचते. बालवाडीतल्या पोरांची वजनं जितक्या गंभीरपणे तपासते तितक्याच गंभीरपणे माझी वांगी तपासते. माझं पोट हा कोणाच्या तरी अभ्यासाचा विषय होईल असं आयुष्यात वाटलं नव्हतं. आमच्या घरी ताप आला तरी वडील विचारत नसत.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारच्या डब्यानंतर ओठांना मुंग्या, मानेवर दोन गांधी, थोडी चक्कर. यार्डातल्या बाकावर आडवा झालो, पाय फाइलींच्या गठ्ठ्यावर. पिवळी गोळी घेतली. तासाभरात ठीक. खाल्लं होतं भाकरी आणि वांगं. वांग्यावर संशय.

४ डिसेंबर, बुधवार

वांगं बंद केलं, तरी रविवारी गांधी उठल्या. शेंगदाणे बंद केले. नंतर दोन दिवस बरे गेले, आणि आज पुन्हा चक्कर, तीही जास्त. अंगाचा साबण बदलला. आळीतल्या मांजराला वर यायची बंदी घातली. खोलीतल्या रंगावर संशय आला म्हणून गादी ओटीवर आणली, तर डासांनी फोडून काढलं.

शेजारच्या हाजराचाचींनी विहिरीवर चौकशी केली. त्यांच्या नातवाला, अमनला, अंड्याने असंच व्हायचं. मग काय केलंत, मी विचारलं. त्या म्हणाल्या, काय करायचं, बेटा, घरात अंडं आणणंच बंद केलं. इतकं सोपं असतं तर काय हवं होतं. मी मासे खातच नाही, तरी माझ्या अंगावर काहीतरी उठतंच आहे.

८ डिसेंबर, रविवार

काल पोलिओच्या डोसाचा दिवस होता. सुनिताबरोबर मीही बूथवर बसलो, पोरांच्या बोटांवर खुणा केल्या. एक बाई रोडपालीहून सून आणि नातू घेऊन आलेली. नातवाला रोग नाही तर औषध कशाला, म्हणून अडून बसली. सुनिताने तिला सोप्या शब्दांत समजावलं की लसीत रोगच असतो, पण थेंबभर, म्हणजे अंग त्याला ओळखायला शिकतं आणि पुढे मोठा रोग आला तरी घाबरत नाही. बाईने नातवाचं तोंड उघडलं. मला बायकोचा फार अभिमान वाटला.

दिवसभर बरं वाटलं. आजही बरं आहे.

१० डिसेंबर, मंगळवार

काल वाईट. ओठ, पापण्या, चक्कर, उलटी. सुनिताने आमसुलाचं पाणी चोळलं. चोळताना रडत होती. मीच तिला समजावलं की होईल गं कमी.

१५ डिसेंबर, रविवार

(हे वहीत नाही, ऑफिसच्या पॅडच्या कागदावर लिहितो आहे. का, ते खाली येईलच.)

काल यार्डात काम नव्हतं, म्हणून वहीवरून तक्ता केला. एका बाजूला खाणं, एका बाजूला त्रास. खाण्याचा आणि त्रासाचा काही मेळ बसेना. तेच वांगं एकदा चालतं, एकदा नाही. मग सहज तिसरा रकाना घातला, आदल्या दिवशी मी वहीत काय लिहिलं होतं याचा.

मेळ बसला. मी "बरं आहे" लिहिलं की एकदोन दिवसांत त्रास होतो. त्रास झाला असं लिहिलं की पुढचे दोन दिवस शांत जातात. मग पुन्हा "बरं", आणि मग पहिल्यापेक्षा जास्त त्रास. एकदाही चुकलेलं नाही.

तक्ता तीनदा तपासला. वांग्याला वाचता येत नाही. साबणालाही नाही. या घरात माझी वही फक्त एकच माणूस वाचतं.

मी मूर्ख आहे. असले विचार करणाऱ्याला चाबकाने मारलं पाहिजे. तरीही करून बघणार आहे.

१६ डिसेंबर, सोमवार (वहीत)

दुपारपासून चक्कर. गांधी. संध्याकाळपर्यंत आडवा. त्रास बराच.

१९ डिसेंबर, गुरुवार (पॅडवर)

सोमवारचं लिहिणं सगळं खोटं होतं. मला काहीही झालं नव्हतं. मंगळवार, बुधवार, आज, तिन्ही दिवस डबा खाल्ला, तोच डबा, तीच भाकरी. ओठाला मुंगीसुद्धा नाही.

आज वहीत लिहिलं, "अगदी ठणठणीत." सुनिताने वाचलं आणि माझ्या केसांतून हात फिरवला.

२१ डिसेंबर, शनिवार (पॅडवर)

काल. डबा खाऊन पावत्या घेऊन निघालो, दोन कंटेनरांच्या मधल्या रस्त्यावर भोवळ आली आणि पडलो. मागून ट्रेलर येत होता. ड्रायव्हरने ब्रेक दाबला म्हणून हे लिहितो आहे. चाक हातभर अंतरावर होतं, त्याच्या रबराचा वास अजून नाकात आहे. तोंड इतकं सुजलं होतं की साहेबांनी ओळखलं नाही. यार्डाजवळच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं.

संध्याकाळी घरी आलो. ती दारात उभी होती. माझा चेहरा पाहून तिने मला हाताला धरून ओटीवर बसवलं. पण काय झालं, हे तिने विचारलं नाही. आधी विचारलं, किती वाजता झालं.

२४ डिसेंबर, मंगळवार (पॅडवर)

आज वही उजेडात तिरकी धरून पाहिली. समासात पेन्सिलीचे ठिपके आहेत. बारीक, डोळे ताणल्याशिवाय न दिसणारे. अठ्ठावीस नोव्हेंबरला एक. एक डिसेंबरला एक. चारला दोन. नऊला तीन. वीसला पाच. मधल्या चांगल्या दिवसांना एकही नाही.

पोरांच्या वजनाच्या तक्त्यात ती असेच ठिपके देते.

२५ डिसेंबर, बुधवार

विचारलं. सुट्टी होती, वर खोलीत दोघंच होतो. तक्ता पुढे ठेवला, खोटं लिहिल्याचं सांगितलं, ठिपक्यांवर बोट ठेवलं. मला वाटलं ती नाही म्हणेल. नाही म्हणाली असती तर मी विश्वास ठेवला असता, देवाशपथ ठेवला असता.

ती म्हणाली, "लस पण रोगाचीच असते ना? तशी चिमटी चिमटी दिली. तुमच्या अंगाला शिकवत होते."

भाजलेला जवळा, कुटून वस्त्रगाळ केलेला, माझ्या भाकरीच्या पिठात. बोर्नव्हिटाच्या डब्यात, फळीवर, माझ्या डोळ्यांसमोर ठेवलेला. किती द्यायचा ते कमलाकरने सांगितलं. एकोणीस जानेवारीपर्यंत मला तो घास पचला पाहिजे, नाहीतर भावकी बाबांच्या तोंडावर हसेल आणि मी कायम परका राहीन, म्हणून. आईंना माहीत होतं. चांगोबाबांना माहीत होतं. माझा वेगळा तवा रोज घासून पुसून ठेवणाऱ्या आईंना माहीत होतं.

मला का विचारलं नाहीस, एवढंच मी म्हटलं.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

आई वर आल्या. पोरीनं तुमच्या भल्यासाठीच केलं, म्हणाल्या, तुमी आमचे व्हावे म्हणून केलं. मला ट्रेलरचं चाक सांगायचं होतं, ते न सांगता मी तक्त्याची घडी घातली. वडिलांनी मला घराबाहेर काढलं तेव्हा निदान दार आपटून काढलं होतं. इथे पाठीवर हात फिरवत, आमसूल चोळत, रडत रडत मला जवळा चारला. तिचे अश्रू खरे होते हे मला कळतं, आणि त्याचाच जास्त राग येतो.

संध्याकाळी तिने तो डबा माझ्या देखत खाडीत रिकामा केला. गळ्याशपथ घेतली, माझ्या गळ्याची. पॅडचे कागद मी आता वहीतच चिकटवले आहेत. लपवायचं काय राहिलं?

५ जानेवारी १९९७, रविवार

अकरा दिवस काहीही झालेलं नाही. भाकरी खाताना पहिला घास जिभेवर धरून थांबतो. ती बघते आणि मान खाली घालते. तिचा चेहरा उतरला आहे. काल मीच तिला जवळ घेतलं. कुठे जाणार मी? सांगोल्याला पत्र टाकलं आहे. उत्तर नाही.

चांगोबाबांना सांगितलं की पंगतीत बसेन, घास खाणार नाही. ते म्हणाले, तुमची मर्जी, जावय. इतकंच. आवाजही चढवला नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

तिळगूळ दिला-घेतला. दुपारी मानेवर गांधी. सुनिता म्हणाली तीळ उष्ण असतात. आमसुलाचं पाणी करून दिलं, या वेळी प्यायला. पोटातून उतारा पडतो म्हणाली. आंबटगोड होतं.

१६ जानेवारी, गुरुवार

घरचं खाणं बंद केलं आहे. बेकरीचे पाव, केळी, बाहेरचा चहा. बाकी काही नाही.

तरी चक्कर. तरी ओठ.

रोज सकाळी आमसुलाचं पाणी घेतो, गोळी घेतो, आडवा पडतो. म्हणजे मी जवळ्याशिवायही असाच झालोय की काय?

१७ जानेवारी, शुक्रवार

रोडपालीला एक खोली बघून आलो. वीस तारखेला जायचं. सुनिताला म्हटलं, तूही चल. रडली. मग म्हणाली, येईन, आधी एकोणीस होऊ द्या.

वही कपाटात, कपड्यांच्या मागे.

१८ जानेवारी, शनिवार

कमलाकर आला होता. खाली सगळ्यांशी बोलला. मी जिना उतरलो तसा उठून गेला. डोळ्याला डोळा दिला नाही.

अंग जड. घसा खवखवतो. उद्याचा एक दिवस —

१९ जानेवारी, रविवार. सकाळ

खाली पंगतीची तयारी चालली आहे. ताटं मांडल्याचा आवाज. सुनिताने आज आमसुलाचं पाणी पेला भरून दिलं. प्यायलो. गोळी घेतली. ठरल्याप्रमाणे लिहायला वही काढली —

आजच्या पानावर आधीच तारीख आहे. तिच्या अक्षरात.

समासात ठिपके. बारा.

पाणी. भाकरीत नव्हतंच, आधी तिळगुळात, मग या पाण्यात. डॉक्टर म्हणाले होते, उकळलेलं पाणीसुद्धा — आमसुलाच्या रंगात दिसत नाही, आंबटात लागत नाही. पाच दिवस मी उतारा म्हणून तेच —

तळहात. कान. ओठ.

आडवा झालो. पाय उशीवर. हाक मारली, आवाज घोगरा आला. सुनिता वर आली, दाराशी बसली. तिला सांगितलं, रिक्षा बोलाव. ती म्हणाली, थोडा वेळ थांबा, हा शेवटचा डोस, एवढा पचला की घासाला घाबरायचं कारण नाय.

श्वासात शिट्टी —

बोलता येत नाही. लिहून दाखवलं. "घसा बंद होतोय. दवाखाना." वही तिच्या हातात दिली. तिने वाचलं. दोनदा वाचलं. मग हसली, वही परत माझ्या हातात दिली, केसांतून हात फिरवला.

म्हणाली, "मागं पण तुम्ही असंच खोटं लिहिलं होतं."

नाही. तेव्हा खोटं होतं. आता —

हाजराचाची खाली विहिरीवर आहेत, बादलीचा आवाज — खिडकीपर्यंत जाववत नाही —

ती वाट बघते आहे. बरं वाटलं की सांगा म्हणते —

सुनिता हे खरं आहे. वाच. या वेळी खरं लिहितोय. तुझ्या ग